चाळीस शून्यं

शिंपीकाका शनिवारनंतर मशीनवर येणार नव्हते. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसानं डायलिसिसच्या मशीनवर न येणं म्हणजे दहा-बारा दिवसांत मरणं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. काकांनी ते सिस्टरला अशा आवाजात सांगितलं की जणू आठवडाभर दुकान बंद ठेवणार आहेत.

"शनिवारचा दिवस शेवटचा बरं का सिस्टर. मंगळवारी तीन नंबरवर दुसरं कुणी घ्या."

सिस्टर त्यांच्या हातातल्या सुया काढत होती. तिनं मान वर केली नाही. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या बगलेत त्याच खोलीत भरून घेतलेल्या कागदांचा गठ्ठा होता. त्या कागदांवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, त्रास: शून्य.

मी कोण ते सांगतो. सतरा वर्षं मी खोकल्याचं औषध विकलं. ज्यांना खोकला नव्हता त्यांनाही ते डॉक्टरांकडून लिहवून घेतलं. ताकदीचं टॉनिक विकलं, ज्यानं ताकद आली ती फक्त कंपनीच्या मालकाला. तेव्हा मी काही हळवा माणूस नाही. कुणी म्हणेल हा विक्रीवाला आहे, रंगवून सांगतोय. म्हणू दे. जे पाहिलं ते पाहिलं.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती मोठी कंपनी सोडली आणि एका नव्या कंपनीत गेलो. किती नवी, तर दारावर पाटीसुद्धा नव्हती. खाली गाद्यांचं दुकान, वर एक लांब हॉल, अकरा माणसं, सहा टेबलं. विकायला वस्तू एकही नाही. होती ती एकच गोळी, आणि तीही सरकारी मंजुरीच्या रांगेत. मंजुरी मिळालीच तर पाच महिन्यांनी बाजारात.

"म्हणजे तू सध्या विकतोस काय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग रोज सकाळी शर्टाला एवढी कडक इस्त्री कशाला?"

गोळी खाजेवरची. हसा. मीही हसलो होतो. कंपनी चालवणाऱ्या बाईंनी मला हसू दिलं, हसून संपेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "झालं? आता ऐका." बाई मूळच्या रसायनवाल्या. नऊ वर्षं त्या एका गोळीमागे होत्या. मूत्रपिंड गेलेल्या अनेकांना अंगभर खाज सुटते, पुरळ नाही, चट्टा नाही, आतून सुटते आणि थांबत नाही, हे मला त्यांनी सांगितलं. "आमच्या गोळीनं अर्ध्यांना फरक पडतो. उरलेल्या अर्ध्यांना पडत नाही. हे वाक्य पाठ करा, आणि मंजुरी येईपर्यंत कुणापुढे बोलू नका."

नियमच तसा होता. मंजुरीच्या आधी गोळीचं नाव घ्यायचं नाही, गोळी येतेय असं सुचवायचं नाही, डोळासुद्धा मारायचा नाही. डॉक्टरांकडे जाऊन फक्त आजाराबद्दल बोलायचं. 'डॉक्टर, तुमच्या पेशंटना खाजतं का, जरा विचारा,' एवढंच. माझ्या बॅगेत पेनं आणि कोरे कागद सोडून काही नसायचं. तोंड शिवून ज्याला बाजारात सोडलाय असा विक्रेता मी आयुष्यात पहिल्यांदा झालो.

माझ्या भागातलं सगळ्यात मोठं डायलिसिस केंद्र मोठ्या डॉक्टरांचं, अकरा वर्षं चाललेलं. मोठे अशासाठी की त्यांच्या हाताखाली एक छोटे डॉक्टर होते. आठ खाटांची खोली, आठ-आठच्या तुकड्या, एकूण चाळीस पेशंट. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास.

"माझ्याकडे खाज नाही," मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले. किराणावाला 'आमच्याकडे उंदीर नाहीत' म्हणतो ना, त्या सुरात. "मी रोज फेरी मारतो. एकही पेशंट खाजवताना दिसत नाही. शांत पडलेले असतात सगळे."

मी म्हटलं, एक छोटा कागद भरून घेऊ का? घ्या म्हणाले.

कागद मी स्वतः लिहिला, आणि त्यातच माती खाल्ली. प्रश्न लिहिला, 'गेल्या चार तासांत तुम्ही किती वेळा खाजवलं?' चार तास का, तर माणूस चार तास मशीनला बांधलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला हलता येत नाही तिथे गाठायचं, ही सतरा वर्षांची सवय. मशीन संपता संपता मी खाटेखाटेवरून फिरलो आणि चाळीस कागद भरून घेतले.

चाळीस शून्यं आली. एक नाही, दोन नाही. शून्य, शून्य, शून्य.

मोठे डॉक्टर खुशीत होते. बाई नव्हत्या. त्यांनी गठ्ठा चाळला आणि टेबलावर टाकला. "चाळीसांत दोन-चार जणांनी तरी काही लिहायला हवं होतं. चाळीसच्या चाळीस शून्य म्हणजे एक तर चमत्कार, नाही तर तुमचा कागद भिकार. जा आणि बघून या."

म्हणून त्या गुरुवारी मी पुन्हा त्या दाराशी उभा होतो आणि शिंपीकाकांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

सिस्टर हातमोजे काढत बाहेर आली. मी विचारलं, "काका असं का म्हणाले?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमची शून्यं मिळाली ना?"

"सिस्टर, सांगा ना."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी शाळेतल्या शिपायाची आठवण झाली. "अहो बॅगवाले, तुम्ही काय विचारलंत? किती वेळा खाजवलं. त्यांनी खरं तेच लिहिलं. मशीनवर कुणी खाजवत नाही."

"म्हणजे खाज येत नाही?"

"शाळेत गेला होता ना तुम्ही?" ती म्हणाली, आणि मग कंटाळून भिंतीला टेकली. "सहा वर्षांपूर्वी पाच नंबरवर एक ड्रायव्हर होता. खाजवता खाजवता अंगाला हिसका बसला आणि हातातली सुई निसटली. छतापर्यंत रक्त. वाचला, पण सगळ्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून त्यांचं आपसांत ठरलंय, मशीन चालू असताना कुणी खाजवायचं नाही."

"दुसरा हात तर मोकळा असतो की. हळूच, जपून..."

"एकानं हळूच खाजवलं की शेजारच्याला सुटते. त्याच्या शेजारच्याला सुटते. तुम्ही आत्ता काय करताय?"

मी बघितलं. माझी बोटं माझ्या मानेवर होती.

"ही अशी," सिस्टर म्हणाली. "स्वतःसाठी नाही थांबत ते. शेजारच्यासाठी थांबतात."

मला तिचं बोलणं कळलं, पण पटलं नाही. चार तास? अंगाला आग लागल्यासारखी खाज, आणि चार तास बोटसुद्धा हलवायचं नाही? मला डास चावला तर मी भर मीटिंगमध्ये पाय वर घेतो.

"मागच्या बोळकांडीत जाऊन बघा," ती म्हणाली. "पट्ट्या बांधून झाल्या की सगळे तिथे बसतात, गाड्या येईपर्यंत. आवाज करू नका मात्र."

मागे एक अरुंद बोळकांडी होती. दोन बाजूंना लाकडी बाक, एका टोकाला बंद पडलेलं पाण्याचं यंत्र, भिंतीला खरबरीत गिलावा. आठही जण तिथे होते. कुणी बोलत नव्हतं. आवाज येत होता तो सुतारखान्यात पॉलिशपेपर घासतात तसा. मास्तरीणबाई, वय सत्तरच्या पुढे, केस कसे नीट बांधलेले, त्या दोन्ही तळहात गिलाव्यावर घासत होत्या. पुस्तकबांधणीवाला बूट काढून तळव्याला भांडी घासायचा काथ्या लावत होता. एक जण कंगव्यानं पोटऱ्या ओढत होता. आणि शिंपीकाका शर्ट वर करून त्यांची लाकडी पट्टी पाठीवरून खाली-वर फिरवत होते, डोळे मिटून, दात आवळून.

त्यांची पाठ मी पाहिली. मी ती सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तिच्यावर बोट ठेवायला धड जागा नव्हती.

हीच आठ माणसं दहा मिनिटांपूर्वी पांढऱ्या चादरींवर दगडासारखी पडली होती. मी स्वतः त्यांच्या उशाशी उभा राहून त्यांच्याकडून शून्यं लिहवून घेतली होती. चार तास हे सगळं आत कोंडून धरायचं, तेही शेजारचा पेटू नये म्हणून. आणि कुणाला सांगायचं नाही. मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय, हजारो माणसांपुढे भाषण करणारे लोक पाहिलेत. त्या बोळकांडीसारखं काही कधी पाहिलं नव्हतं. माझी मान आपोआप खाली झाली.

"ये," काका म्हणाले. डोळे न उघडता त्यांनी मला ओळखलं होतं. "रिकामी बॅगवाला ना तू? बुटांच्या आवाजावरून कळतं."

मी जवळ बसलो. त्यांनी शर्ट खाली सोडला. वरून चांगला निळा, इस्त्रीचा. "आतून दुहेरी अस्तर घातलंय," ते म्हणाले. "मीच शिवलं. रक्त वर येत नाही. सूनबाईला अजून पत्ता नाही."

"काका, मंगळवारी..."

"नाही येणार. मशीनचं काही नाही रे. सुयांचंही नाही. सहा वर्षं सलग दोन तास झोपलेलो नाही मी. खाजवून खाजवून जगायचं, आणि ते कुणाला सांगायचं म्हटलं तर हसतात. तूच सांग, हसला होतास की नाही?"

"हसलो होतो."

"हां. खरं बोललास." ते थोडे पुढे झुकले. "आता आणखी एक खरं सांग. तुझ्या कंपनीकडे यावर काही आहे?"

बाकीच्यांचे हात थांबले. पॉलिशपेपरचा आवाज बंद झाला.

माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. पाच महिने धरा काका, पाच महिने. सतरा वर्षं मी याहून फालतू गोष्टींसाठी याहून मोठी आश्वासनं दिली होती, आणि रात्री गाढ झोपलो होतो. हा नियम ऑफिसातल्या लोकांनी स्वतःची कातडी वाचवायला केलाय, असं मी चार जणांत बोलूनही दाखवलं होतं. पण ती पाठ पाहिल्यावर मला बाईंचं वाक्य आठवलं. अर्ध्यांना फरक पडत नाही. हा माणूस माझ्या शब्दावर पाच महिने आणखी जळेल, आणि तो दुसऱ्या अर्ध्यातला निघाला तर? आणि मंजुरीच आली नाही तर?

"मी काही सांगू शकत नाही, काका."

"म्हणजे आहे."

"म्हणजे मी सांगू शकत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पट्टी पुन्हा उचलली. "वाईट विक्रेता आहेस तू."

गाडीतून मी बाईंना फोन केला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं.

"आठही जण?" त्यांनी विचारलं.

"आठही."

"चार तास?"

"हो."

"नऊ वर्षं मी उंदरांच्या खाजवण्याची मोजदाद केली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "खाज आली की जनावर खाजवतं. दाबून धरणारं एकही मी पाहिलेलं नाही. एकही." मग घसा साफ करून म्हणाल्या, "गोळीचं बोलला नाहीत ना?"

"नाही."

"मग डॉक्टरांना बोला. त्यांच्याकडे आजही करण्यासारखं खूप आहे. ते विचारतच नाहीत, हा खरा रोग आहे."

शनिवारी मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. ते फायलीत सह्या करत होते.

"पुन्हा तुम्ही? तुमचाच कागद होता ना? चाळीस शून्यं."

"कागद गाढवानं लिहिला होता, डॉक्टर. ते गाढव मी. पण अकरा वर्षांत तुम्ही एकदाही तोंडानं विचारलं नाहीत, ते कुणामुळे?"

पेन थांबलं. कान लाल झाले. "बाहेर व्हा."

"बाहेरच चाललोय. मागच्या बोळकांडीत. पाच मिनिटं या माझ्याबरोबर. नंतर वॉचमनला सांगा, याला फाटकाच्या आत सोडू नकोस. मी येणार नाही."

ते आले. मला वाटतं, मला सगळ्यांसमोर झापायला आले असावेत. सकाळची तुकडी नुकतीच उठून बाकांवर बसली होती. आम्ही वळण घेतलं तेव्हा पॉलिशपेपरचा आवाज चालू होता. डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला आणि घासणं पटकन थांबलं. काकांची पट्टी मांडीखाली गेली. मास्तरीणबाईंचे हात मांडीवर, एकावर एक.

"कुणाला खाजतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, डॉक्टर."

"तुम्हाला?"

"छे."

"तुम्हाला, बाई?"

"मुळीच नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, हजेरी लावल्यासारख्या.

ते घाबरले नव्हते, हे मला तेव्हा समजलं. ते डॉक्टरांचा मान राखत होते. ज्यानं जिवंत ठेवलं त्याच्यापुढे आणखी काय रडायचं, असा हिशेब. मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. गाडी आली की ते घरी जाणार होते आणि परत येणार नव्हते, आणि मी काही करू शकत नव्हतो.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "झालं समाधान? तुम्ही खाजेची कंपनी काढलीत म्हणून माझ्या सगळ्या पेशंटना खाज सुटायला हवी का? ज्याला त्याला खाज! सकाळपासून खाज, खाज, खाज..."

आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि कानामागे नखं चालू लागली. खसाखसा, चार-पाच वेळा, चांगली रंगात येऊन. त्यांचं त्यांना कळलंसुद्धा नाही.

ती माणसं एकमेकांसाठी सहा वर्षं थांबली होती. पण डॉक्टरांशी त्यांचा काही करार नव्हता.

पुस्तकबांधणीवाल्याचा पाय आधी गेला. त्यानं बूट भिरकावून दिला. मग कंगवा निघाला. मास्तरीणबाईंनी ओठ आवळून तीन-चार क्षण धीर धरला, मग "अगं आई गं" म्हणत उठल्या आणि भिंत गाठली. काकांनी मांडीखालून पट्टी ओढली. क्षणात अख्खी बोळकांडी सुरू झाली. कुणी कण्हत होतं, कुणी हसत होतं, एक जण हसता हसता रडत होता. डॉक्टर मधोमध उभे, हात अजून कानामागेच.

तो हात त्यांनी हळूहळू खाली आणला. त्याच्याकडे पाहिलं. मग बाकावर काकांशेजारी बसले. त्यांना तिथे बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"शर्ट वर करा," ते म्हणाले. काकांनी केला. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. "कधीपासून?"

"सहा वर्षं."

"दहापैकी किती त्रास?"

"अकरा."

"दहाच्या वर नसतं, काका."

"मग तुमचा दहा लहान आहे."

मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करूनच फिस्सकन हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "मला वाटायचं माझी खोली शांत आहे," ते म्हणाले. "फेरीवरून घरी जाताना बरं वाटायचं मला."

मग डॉक्टर डॉक्टरांसारखे बोलू लागले. रक्तातले क्षार पुन्हा तपासू. मशीनचा वेळ अर्ध्या तासानं वाढवू. कातडी कोरडी पडू नये म्हणून दोन वेळा मलम. झोपताना एक जुनी गोळी आहे, थोड्या मात्रेत आजपासून देऊन बघू. "मंगळवारी तुम्हाला आधी बघतो."

"मंगळवारी मी यायचा नव्हतो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिनं मान हलवली. त्यांना तेव्हा कळलं. मला वाटलं आता भाषण देतील, आयुष्य किती मोलाचं वगैरे. त्यांनी ते दिलं नाही, यासाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ केले.

"तो तुमचा निर्णय आहे," ते म्हणाले. "पण मी अजून काहीच करून पाहिलेलं नाही, काका. सहा वर्षं तुम्ही माझा एकही उपाय वापरलेला नाही, कारण मी दिलेलाच नाही. मला निदान नापास तरी होऊ द्या."

काकांनी शर्ट खाली सोडला, अस्तर नीट केलं, बटणं लावली. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.

जाताना डॉक्टर माझ्यापाशी थांबले. "तुमच्याकडे काय आहे?"

"आज काही नाही, डॉक्टर."

त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंगळवारी या," ते म्हणाले.

मंगळवारी सातला सात जण खाटांवर होते. तीन नंबरची चादर ताणलेली, मशीन धुऊन तयार. मोठे डॉक्टर खोलीत उभे होते, आणि घड्याळ बघत नसल्याचं सोंगसुद्धा करत नव्हते. सव्वासात झाले. सिस्टरनं तीन नंबरची उशी दोनदा सरळ केली. माझ्या हातात नवा कागद होता, त्यात एकही प्रश्न अजून लिहिलेला नव्हता.

सात वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं.

"बस चुकली," काका म्हणाले.

"उशीर!" दोन नंबरवरून मास्तरीणबाई. "बाकावर उभे राहा!"

"आधी आडवा होतो, मग उभा राहतो, बाई."

"झोप?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसली झोप. काडीचा फरक नाही." काका खाटेवर बसले, चपला काढल्या, एकीशेजारी एक ठेवल्या. "पण म्हटलं, डॉक्टर नापास होताना कधी पाहिला नाही. बघून तर येऊ."

त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. सिस्टरनं पहिली सुई घातली, मग दुसरी. नळी लाल झाली. मशीन गुणगुणायला लागलं. डॉक्टरांनी काकांचं आधी विचारून घेतलं, मग एक नंबरच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि बाकीच्यांना विचारू लागले.

मी तीन नंबरच्या पायथ्याशी उभा राहिलो. अर्ध्या तासानं काकांच्या पायाची बोटं एकदा आखडली, चादर मुठीत धरावी तशी. मग एकेक करून सुटली. दिसलं ते एवढंच. आठ खाटा, आठ माणसं, आणि श्वास सोडून काही हलत नव्हतं. मी चार तास बसलो नाही. मला बसवेना.

गोळीला मंजुरी अजून मिळालेली नाही. काका काल आले होते.